सापाची ‘सर्दी’ आणि चतकोर गोळी

बॉल पायथन (घरी पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: ‘सापाच्या नाकातोंडातून बुडबुडे येत असतील तर घाबरू नका, साधी सर्दी आहे. निलगिरीची वाफ द्या, पेटीचं तापमान चार अंशांनी वाढवा, ओलावा बंद करा. फरक नाही पडला तर माणसांच्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या 500 च्या गोळीचा चतकोर, रोज, पाच दिवस. धामणीलाही चालतं.’

शेवटचं आधी निकालात काढू. धामण घरात ठेवणं हाच वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजारी सापडली तर वनविभागाला कळवा.

आता ‘साधी सर्दी’. आपण खोकून कफ काढतो. सापाला श्वासपटलच नाही, त्यामुळे तसा जोर लावता येत नाही. अजगरांना दोन फुप्फुसं असली तरी डावं लहान. फुप्फुसाची मागची बाजू म्हणजे जवळजवळ नुसती हवेची पिशवी, तिथे उतरलेला चिकट स्राव तिथेच साचतो. म्हणजे तोंडाशी बुडबुडे दिसले तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असू शकतो.

माझी मादी रात्री पाण्याच्या भांड्याच्या काठावर हनुवटी टेकून, मान वर करून बसायची. मला गंमत वाटली, मी फोटो काढले. दोन आठवड्यांनी तिने उंदीर नाकारला. कानाजवळ धरली तर प्रत्येक श्वासाला बारीक टक्‌टक्‌. व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, तोंड उघडलं, तर श्वासनलिकेच्या तोंडाशी पांढऱ्या दोऱ्यासारखी तार लोंबत होती. ती मान वर करून बसत होती ती श्वास घेता यावा म्हणून.

प्रत्येक आवाज आजाराचाच असतो असंही नाही. कात टाकायच्या दिवसांत नाकपुडीत पापुद्रा अडकून शीळ वाजते आणि कात पडली की थांबते. तोंड उघडं, तार, सुस्ती, उपास यातलं काही सोबत असेल तर मात्र थांबू नका.

उष्णतेचा सल्ला अर्धा खरा आहे. सापाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या उबेवर चालते, म्हणून आजारी सापाला रात्रीही थंडी लागू द्यायची नाही. पण गरम बाजू आधीच 33 अंशांवर असेल तर चार वाढवून 37 होतात, आणि छोट्या टबात पळायला थंड कोपराही उरत नाही. त्यात उष्णतेनेही साप तोंड वासतो. मालकाला वाटतं आजार वाढला, तो आणखी तापवतो.

ओलावा बंद करू नका. साधारण 55 ते 65 टक्के आर्द्रता लागतेच, कोरड्या हवेत स्राव आणखी घट्ट होतो. माझ्याकडे घोळ वेगळाच होता: पेटीत चिंब कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि भोकं नसलेलं झाकण. वाफेबद्दल इतकंच की निलगिरीचं तेल सुजलेल्या नळीला झोंबतं. व्हेट नेब्युलायझरने सलाइनचे बारीक थेंब देतात, ते प्रकरण वेगळं.

खरा घात चतकोर गोळीचा. 125 मिलिग्रॅम, साप सव्वा किलोचा धरा: किलोमागे 100. बॉल पायथनसाठी या अँटिबायोटिकची प्रचलित मात्रा किलोमागे 10, तीही काही दिवसांच्या अंतराने, कारण सापाचं शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं. म्हणजे दहापट डोस, तोही रोज. शिवाय अशा न्यूमोनियात बऱ्याचदा सापडणाऱ्या सुडोमोनास या जिवाणूवर अ‍ॅझिथ्रोमायसिन फारसं चालत नाही. म्हणून आधी स्रावाचं कल्चर करतात, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखतात, मग औषध ठरतं. मादीला इंजेक्शनं लागली, दर 72 तासांनी एक.

आणि मूळ विषाणू असेल तर? बॉल पायथनमधला निडोव्हायरस 2014 मध्ये उजेडात आला, त्यावर औषध नाही. जिवाणू मागून शिरतात, अँटिबायोटिकने लक्षणं दबतात आणि ‘बरा झाला’ म्हणत तोच साप दुसऱ्याच्या घरी जातो. नवा साप किमान तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने खाऊ घालून ठेवायचा तो यासाठीच. विषाणूची पीसीआर तोंडातल्या स्वॅबवर होते, व्हेटला विचारा.

सापाच्या नोंदणीचे कागद नाहीत म्हणून व्हेटला टाळणारेही बरेच आहेत, आणि मेसेज त्यांच्यातच जास्त फिरतो असा माझा संशय आहे. नोंदणीचं ते बघा, पण साप आधी न्या. कापडी पिशवीत घालून, डब्यात, उबेत. आणि घरीच त्या टक्‌टक्‌चा व्हिडिओ काढून ठेवा, व्हेटच्या टेबलावर गेल्यावर नेमकी ती ऐकू येत नाही.