ऱ्हस्वदृष्टी म्हणजे डोळ्यांचा आळस नव्हे

‘ऱ्हस्वदृष्टी हा डोळ्यांचा आळस आहे. शब्दच सांगतो, ज्याची दृष्टी ऱ्हस्व तो लांबचं बघायला तयार नसतो. चष्मा लावलात की नंबर वाढतच जाणार. चष्मा काढून ठेवा, डोळ्यांचे व्यायाम करा, गाजर खा, नंबर उतरेल.’ या आशयाचा मजकूर पालकांच्या गटांमधून सतत फिरत असतो. त्यावर विश्वास ठेवून लहान मुलांचे चष्मे कपाटात जातात, म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर देतो आहे.

‘शब्दच सांगतो.’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लेखी ऱ्हस्वदृष्टी म्हणजे जवळचं स्पष्ट आणि लांबचं धूसर दिसणं. व्यवहारात मात्र आजच्या फायद्यापायी उद्याचं नुकसान न दिसणाऱ्या धोरणालाही आपण ऱ्हस्वदृष्टीचं म्हणतो. इंग्रजीतल्या ‘मायोपिया’ या शब्दाचंही तसंच आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक थिओडोर लेविट यांनी १९६० साली ‘मार्केटिंग मायोपिया’ हा लेख लिहिला. आपला धंदा वाहतुकीचा आहे हे विसरून स्वतःला फक्त रेल्वेवाले समजणाऱ्या कंपन्यांचं उदाहरण त्यात होतं. या लाक्षणिक वापराला माझी हरकत नाही, तो नेमका आणि उपयोगी आहे. पण डोळ्याच्या दोषावरून विचाराला नाव मिळालं, म्हणून विचाराचा दोष परत डोळ्यावर लादता येत नाही. फळा दिसत नाही म्हणणाऱ्या मुलाच्या स्वभावाचं निदान त्याच्या नंबरावरून करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

शिवाय रूपक सगळीकडे लागूही पडत नाही. शंभराला नंबराने भागलं की कुठवर स्पष्ट दिसतं ते सेंटीमीटरमध्ये कळतं. मायनस ४ नंबरवाल्याला चष्म्याशिवाय साधारण २५ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. पण त्यापलीकडचं आपल्याला धूसर दिसतंय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो पुढच्या बाकावर येतो, शेजाऱ्याला विचारतो. ऱ्हस्वदृष्टीचं धोरण आखणाऱ्याला तर पलीकडे काही आहे याचीच कल्पना नसते. आणि ‘दूरदृष्टी’ हा गुण असला, तरी पाठ्यपुस्तकात दूरदृष्टिता हाही दोषच आहे. तिला प्लस नंबर लागतो.

‘डोळ्यांचा आळस.’ हे तर पूर्ण उलटं आहे. लांब बघताना डोळ्यातल्या भिंगाचा स्नायू सैल असतो आणि जवळ बघताना तो काम करतो. म्हणजे लांबचं बघायला कष्ट लागतच नाहीत, मग आळस कसला करणार? दोष असतो तो बहुधा डोळ्याच्या लांबीत. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की अडीच ते तीन नंबरांचा फरक पडतो. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ मध्येच लिहून ठेवलं आहे.

‘चष्म्याने नंबर वाढतो.’ चष्मा लागतो तो शाळेच्या वयात आणि डोळा लांबतो तोही त्याच वयात. दोन्ही गोष्टी एकदम घडतात म्हणून चष्म्यावर आळ येतो. मलेशियातल्या एका अभ्यासात, तो २००२ साली प्रसिद्ध झाला, काही मुलांना मुद्दाम थोडा कमी नंबरचा चष्मा दिला होता. त्यांचा नंबर वाढायचा थांबला नाही. पूर्ण नंबरचा चष्मा लावणाऱ्या मुलांपेक्षा तो थोडा जास्तच वाढला. चष्म्याचं अंतर्वक्र भिंग प्रकाशकिरण थोडे पसरवतं आणि प्रतिमा मागे दृष्टिपटलावर नेतं, एवढंच त्याचं काम. चष्मा काढल्यावर जग आधीपेक्षा धूसर वाटतं, कारण आता तुलनेला स्पष्ट चित्र मिळालेलं असतं.

‘व्यायामाने नंबर उतरतो.’ या दाव्याचं मूळ बरंच जुनं आहे. अमेरिकेतल्या विल्यम बेट्स या डॉक्टरांनी १९२० साली चष्म्याविना दृष्टी सुधारण्याची पद्धत मांडली. तळव्यांनी डोळे झाकणं, उन्हाकडे डोळे करणं असे प्रकार त्यात होते. लांबलेला डोळा यातल्या कशानेही आखूड होत नाही. आणि उन्हाकडे बघण्याने दृष्टिपटल कायमचं भाजू शकतं, ते कुणालाही करायला सांगू नका.

‘पण आमच्या ओळखीत एकाचा नंबर खरंच गेला,’ असं सांगणारे खोटं बोलत नसतील. काही मुलांचा तो भिंगाचा स्नायू आखडून बसतो आणि तपासणीत खोटा मायनस नंबर दिसतो. तो आपोआपही सुटू शकतो. म्हणूनच मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब घालून, तो स्नायू सैल करून तपासून घ्यावा.

गाजराबद्दल फार लिहायला नको. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने रातांधळेपणा येतो, तिथे गाजर कामाचं. डोळ्याच्या लांबीशी त्याचा संबंध नाही.

मुलांना उजेडात, मोकळ्यावर खेळू देण्याचा फायदा मात्र खरा आहे आणि या मजकुरात नेमकं तेच नसतं. चीनमधल्या ग्वांगझू इथे काही शाळांनी रोज ४० मिनिटं बाहेरचा तास वाढवला. तीन वर्षांत तिथल्या सुमारे ३० टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली, इतर शाळांमध्ये सुमारे ३९ टक्के मुलांना. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नंबर वाढण्याचा वेग कमी करायला अ‍ॅट्रोपिन या औषधाचे सौम्य थेंब आणि खास भिंगंही आहेत. ती डॉक्टरांनी तपासून द्यायची असतात.

‘नंबर गेला’ या समजुतीतला सगळ्यात मोठा धोका पुढेच आहे. लेसर शस्त्रक्रियेने चष्मा जातो, कारण ती डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा आकार बदलते. मागे ताणलेलं दृष्टिपटल मात्र तसंच राहतं. मायनस ६ च्या पुढे दृष्टिपटल सुटण्याचा धोका बराच वाढतो, आणि काचबिंदूचाही. त्यामुळे चष्मा असो वा सुटलेला असो, अशा माणसांनी दृष्टिपटलाची नियमित तपासणी करून घ्यावी. अचानक प्रकाशाचे झोत चमकले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.