चार सिलिंडर, आठ प्लग : आपल्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार साहेब,

आपला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ऐन गणपतीत तीन दिवस गाडी अडकली आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडून साधा फोनसुद्धा गेला नाही, याबद्दल मनापासून माफी मागतो. फोन करायलाच हवा होता. ती चूक आमची.

पण पुढे आपण लिहिलंय, "दोन महिन्यांपूर्वीच मुंबईत चारही प्लग बदललेले असताना यांनी पुन्हा चार प्लग लावले. चार सिलिंडरला चारच प्लग असतात हे शाळेतलं पोरही सांगेल. चेक इंजिनची लाइट तर गाडी देतानाच बंद होती, मग ७,६६० रुपये कशाचे? चाकरमानी दिसला की लुटायचं." रत्नागिरीत रोज ज्यांच्या गाड्या आमच्याकडे येतात, ती माणसंही हे वाचणार. म्हणून उत्तर थोडं लांबतंय, राग मानू नका.

साहेब, आपल्या गाडीला आठ प्लग आहेत.

आपली होंडा सिटी २००५ ची आहे, आय-डीएसआय इंजिनाची. २००३ ते २००८ या काळातल्या सिटीच्या त्या इंजिनात दर सिलिंडरला दोन प्लग येतात, एक पुढे, एक मागे, आणि प्रत्येक प्लगची कॉइल (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज देणारा भाग) वेगळी. म्हणजे आठ प्लग, आठ कॉइल. बॉनेट उघडलं की पुढच्या चार दिसतात. मागच्या चार इंजिन आणि काच यांच्या मधल्या खोबणीत, वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीच्या पोटात असतात. वायपरचे हात काढून ती जाळी उचलल्याशिवाय तिथे धड हात जात नाही. मुंबईत ज्यांनी काम केलं त्यांनी समोर दिसले ते चार बदलले. त्यांच्याबद्दल काही बोलायचं नाही, पण मागचे चार तसेच राहिले होते.

ते चारही आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या डिकीत स्टेपनीशेजारी ठेवलेत. जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही इथली पद्धत आहे. कृपा करून पुडी सोडून बघा. या इंजिनाला प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १ ते १.१ मिलिमीटर लागतो. आपल्या मागच्या प्लगचा फिलर गेजवर १.६ भरला, दोन नंबरच्या प्लगचं मधलं टोक तर झिजून गोल झालंय. पुढचे चार नवे होते, ते आम्ही काढले, तपासले, साफ करून परत तेच बसवले. त्यांचा एक रुपया बिलात नाही. लुटायचंच असतं तर आठही बदलून मोकळे झालो असतो.

आता लाइटचं. लाइट बंद होती, खरं आहे. कारण गाडी आणण्याआधी आपण बॅटरीची तार काढून पुन्हा जोडलीत, हे आपणच काउंटरवर सांगितलंत. तार काढली की लाइट जाते, पण तिच्याबरोबर कॉम्प्युटरमध्ये साठवलेला दोषाचा कोडही जातो, आणि मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) झालं तेव्हा आरपीएम किती होता, लोड किती होता, इंजिन किती तापलं होतं ही नोंदही जाते. डॉक्टरकडे जायच्या आधी रिपोर्ट फाडून टाकावा तसं झालं. बारीक मिसिंग एकदा झालं म्हणून लाइट लगेच लागत नाही, साधारण लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसावा लागतो. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता आलेल्या गाडीला स्कॅनर लावला तेव्हा आत काहीच नव्हतं. गाडीला लावून फोनवर कोड दाखवणाऱ्या आपल्या डोंगलने पी०३०० हा कोड दाखवला होता म्हणालात, पण त्याचा अर्थ एवढाच की मिसिंग आहे, सिलिंडर नक्की सांगता येत नाही. शिवाय बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ ची (गाडीतले दोष ठरावीक कोडमध्ये नोंदवणाऱ्या यंत्रणेची) सक्ती एप्रिल २०१३ पासूनची. त्याआधीच्या गाडीशी असला डोंगल नीट बोलेलच याचा भरवसा नसतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी भर पावसात निवळीचा घाट दोनदा चढलो. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या गिअरात, एसी चालू ठेवून पाय दाबला तेव्हा झटके आले आणि पी०३०२ पकडला. दोन नंबरचा सिलिंडर. सपाटीला गाडी ठीक आणि घाटात मिसिंग, याचं कारण असं की लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप वाढलेला असेल तर आणखी जास्त. कॉइल तेवढं देऊ पाहते, पण कॉइल आणि प्लग यांच्यामधला रबरी बूट कमजोर असला तर ठिणगी प्लगमध्ये न पडता बुटातून बाहेरच्या धातूवर उडते.

या इंजिनाची खोड अशी की एक प्लग मेला तरी दुसरा पेट्रोल पेटवतो, त्यामुळे गाडी चालत राहते आणि बरेचदा कोडसुद्धा पडत नाही. तपासायची रीत उलटी आहे. इंजिन आयडलला ठेवून पुढच्या कॉइलचे कपलर (वायरीचे जोड) एकेक करून काढायचे. मागची बाजू धड असेल तर इंजिन जवळजवळ तसंच चालतं. दोन नंबरचा कपलर काढला आणि इंजिन थरथरायला लागलं, तिथेच उत्तर मिळालं. तीन नंबरलाही थोडा थरकाप होता. जाळी उचलली तर खाली ओंजळभर कुजलेली आंब्याची पानं, पाण्याची वाट तुंबलेली आणि पाणी थेंबथेंब मागच्या कॉइलवर. दोन नंबरच्या कॉइलच्या पिनांवर हिरवा गंज, बुटावर केसासारखी काळी रेघ, ठिणगीच्या गळतीची. तीनची रेघ नुकती सुरू झालेली.

मग कॉइल मागवल्या. या गाडीच्या कॉइल इथे कोणी ठेवत नाही, कोल्हापूरहून आल्या. तोपर्यंत रात्रभर इंजिन थंड होऊ दिलं, कारण टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासायचे तर इंजिन ३८ अंशांच्या खाली लागतं, आणि एक्झॉस्टचा टॅपेट टाइट असेल तरी मिसिंग होतं. ते बरोबर निघाले, म्हणून त्याचे पैसे लावले नाहीत. आपण "अर्ध्या दिवसाचं काम" लिहिलंत. कोड हातात असता आणि कॉइल इथे मिळाल्या असत्या तर खरंच अर्ध्या दिवसाचं होतं.

बिल असं : प्लग ४ × १९० = ७६०, कॉइल २ × २,३५० = ४,७००, स्कॅनिंग आणि ट्रायल ४००, जाळी काढून पाण्याची वाट साफ करणं, फिटिंग आणि बाकी मजुरी १,८००. नुसत्या कॉइल टाकून जुने प्लग ठेवले असते तर त्या वाढलेल्या गॅपने नव्या कॉइलही तशाच गेल्या असत्या. प्लग टॉर्क पान्याने १८ न्यूटन-मीटरवर आवळलेत. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तिथे अंदाजाने आवळलं तर आटे जातात.

कागदावर नुसतं "प्लग ४" लिहिलं, "मागचे" लिहिलं नाही, तिथे आपला गैरसमज झाला असावा. यापुढे नीट लिहू, आणि फोनचंही काहीतरी बघतो, सीझनला तीन पोरांत जमवणं अवघड जातं एवढंच.

आपल्याला "लाइट घालवून द्या, बाकी काही नको" असं हवं होतं, ते आम्ही ऐकलं नाही, हेही कबूल. पण घाटात लाइट नुसती लागलेली नसून लुकलुकत होती असं आपणच म्हणालात. लुकलुकते तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं. तो गेला तर त्याची किंमत या बिलात मावणार नाही. पुन्हा कधी लुकलुकली तर पाय सोडा, गाडी बाजूला घ्या, आणि बॅटरीची तार तेवढी काढू नका.

दोन्ही जुन्या कॉइल काउंटरवर ठेवल्यात, त्या डिकीत द्यायच्या राहिल्या. पुढच्या खेपेला या, दाखवतो, चहाही घेऊ. तोवर घरी गाडी आंब्याखाली लावता तिथून जरा हलवा, नाहीतर पाण्याची वाट पुढच्या पावसात पुन्हा तुंबेल.