प्रतिक्रियेला उत्तर : चेक आधीच आहे, मग मास्क कशाला?

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन : इंडेक्स (ॲरेतल्या घराचा क्रमांक) मर्यादेत आहे का हे लिनक्स कर्नल तपासतोच, मग पुढच्या ओळीत इंडेक्सवर मास्क लावणारा ‘ॲरे-इंडेक्स-नोस्पेक’ हा मॅक्रो म्हणजे दुहेरी काम, हवंच असेल तर सरळ एलफेन्स (प्रोसेसरला थांबवणारी इन्स्ट्रक्शन) टाका, आणि नव्या प्रोसेसरवर याची गरजच नाही.

पहिल्या आक्षेपातच स्पेक्टर व्ही-१ची खरी मेख आहे. ही प्रोसेसरच्या अंदाजाने पुढे जाण्याच्या सवयीतून गुपितं गळणारी त्रुटी (त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१७-५७५३). मर्यादेचा आकडा मेमरीतून यायला उशीर झाला तर प्रोसेसर खोळंबून राहत नाही. आजवर ते ‘इफ’ खरं ठरत आलंय, म्हणून आताही खरं धरून तो पुढे जातो. ॲरेबाहेरचा बाइट वाचला जातो, त्या बाइटवरून पुढच्या वाचनाचा पत्ता ठरतो आणि कॅशमध्ये (प्रोसेसरच्या जवळच्या जलद मेमरीत) ६४ बाइटांची एक लाइन भरते. अंदाज चुकल्याचं कळल्यावर रजिस्टर पूर्ववत होतात; कॅश होत नाही. कोणती लाइन भरली हे वाचनाला लागणाऱ्या वेळेवरून हल्लेखोर ओळखतो आणि त्यावरून तो बाइटही. चेक अगदी बरोबर असूनही गळती होते ती अशी.

मॅक्रोचं काम वेगळं आहे. एक्स-८६वर (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर) सीएमपी आणि एसबीबी या दोन इन्स्ट्रक्शनमधून तो मास्क तयार करतो : इंडेक्स मर्यादेत असेल तर सगळे बिट १, नसेल तर सगळे ०. मग इंडेक्स आणि मास्क यांचा बिट-बिट अँड, म्हणजे मास्क शून्य असेल तर इंडेक्सही शून्य. यात ब्रांच (‘इफ’सारखा फाटा) नाही, त्यामुळे अंदाजाला वाव नाही. मास्क तयार होईपर्यंत वाचनाला थांबावंच लागतं. भलत्या वाटेवर फार तर शून्याव्या घरातलं वाचलं जाईल. हा अँड मात्र साध्या सीमध्ये हाताने लिहू नका. वर चेक झालाय हे कंपायलरला दिसतं आणि ‘मास्क निरर्थक’ म्हणून तो उडवून टाकू शकतो. म्हणूनच मास्क इनलाइन असेम्ब्लीत, म्हणजे सीमध्येच थेट लिहिलेल्या प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये, तयार होतो.

एलफेन्सनेही काम होतं, पण आधीच्या सगळ्या इन्स्ट्रक्शन पुऱ्या होईपर्यंत पुढचं काही सुरूच होत नाही. सिस्टम कॉल टेबल किंवा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) शोधणं अशा सतत वापरातल्या वाटेवर ते महाग पडतं. युजर मेमरीतून कॉपी करताना मात्र कर्नलने काही ठिकाणी एलफेन्स वापरलेला आहे.

मला जास्त काळजी वाटते ती ओळींच्या क्रमाची. सीव्हीई-२०१९-१५९०२ पाहा. ‘पीट्रेस-गेट-डीबगरेग’ या कर्नल फंक्शनमधली व्ही-१ची दुरुस्ती मूळ कर्नलमध्ये बरोबर होती, स्थिर शाखांत आणताना दोन ओळींची अदलाबदल झाली. आधी ॲरेतून वाचन, मग मास्क! असा कोड बिनतक्रार कंपाइल होतो, नेहमीच्या चाचण्यांत उत्तरंही बरोबर येतात आणि भोक तसंच राहतं. ४.१९ शाखेत ते ४.१९.६९पर्यंत होतं. पॅच तपासताना म्हणून एवढं बघाच : चेकनंतर लगेच मास्क, आणि त्यानंतरचं प्रत्येक वाचन मास्क केलेल्याच व्हेरिएबलने.

नव्या प्रोसेसरचं म्हणाल, तर मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली दुसरी त्रुटी हार्डवेअरमध्ये मिटवता आली. व्ही-१ मिटवणं सॉफ्टवेअरकडेच आहे. सिसएफएसमधली (कर्नलची माहिती देणाऱ्या फाइलींमधली) ‘स्पेक्टर-व्ही-१’ फाइल ‘मिटिगेशन’ (उपाय लागू) दाखवते, पण तुमच्या ड्रायव्हरच्या आयओसीटीएलमध्ये (प्रोग्रॅम ड्रायव्हरला आज्ञा देतो त्या कॉलमध्ये) युजरकडून आलेला इंडेक्स तिला दिसत नाही. त्यासाठी ड्रायव्हरवर स्मॅच हे कोड तपासणारं साधन चालवा आणि त्याचा प्रत्येक इशारा स्वतः वाचा. त्यांतले काही फुकाचे निघतील.