बाटलीतल्या पेशी आणि घशाचा कर्करोग: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार,

घशाच्या विषाणूजन्य कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरील माझ्या लेखावर आपण डिचोलीहून दोन आक्षेप नोंदवले आहेत. गोव्यात तंबाखूने माणसे दगावत असताना विषाणूजन्य कर्करोगाची चर्चा हवी कशाला, हा एक; आणि प्लास्टिकच्या बाटलीत वाढवलेल्या पेशींवरून रुग्णाबद्दल बोलणे ही दिशाभूल आहे, हा दुसरा.

तंबाखूचा उल्लेख लेखात राहून गेला, ही माझी चूक आहे आणि ती मी दुरुस्त केली आहे. मात्र टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथील काही कर्करोग एचपीव्ही-१६ या विषाणूमुळे (ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार) होतात आणि ते तंबाखूला कधीही न शिवलेल्या माणसांनाही गाठतात, म्हणून तो विषय सोडता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर एवढ्यावर भागणारे नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षे अशा पेशी सांभाळल्या आहेत. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पेशी दाटल्या की त्यांना पोसणारे लालसर द्रव माध्यम पिवळे पडू लागते आणि ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) त्या सुट्या करून नव्या बाटलीत घालाव्या लागतात. या बाटलीत रक्तवाहिन्या नसतात आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही नसतात, वास्तविक टॉन्सिल हा त्याच पेशींचा अड्डा. शिवाय एचपीव्हीचे जीवनचक्र त्वचेसारखे थर पक्व होत जातात तेव्हाच पूर्ण होते, म्हणून संशोधक कोलॅजनच्या गादीवर पेशी पसरून ती हवेच्या संपर्कात उचलून धरतात, तेव्हा कुठे थरांवर थर चढतात. पेशींची ओळखही तपासावी लागते: नाकामागच्या घशाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेलेल्या सीएनई-१ आणि सीएनई-२ या पेशींत हेला या प्रयोगशाळांत सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पेशींची भेसळ निघाली, आणि हेला तर १९५१ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या.

इतके दोष असूनही मी या पेशींची बाजू घेतो, कारण एक प्रश्न त्यांनाच विचारता येतो. एचपीव्हीचे ई६ हे प्रथिन पेशीतल्या पी५३ या रक्षक प्रथिनाचा नाश घडवते आणि ई७ हे पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या आरबी या प्रथिनाला निकामी करते. विषाणू असलेल्या घशाच्या कर्करोगपेशींत ई६ आणि ई७ यांची जनुके बंद पाडली, तर पी५३ परत येते आणि पेशी मरू लागतात. म्हणजे कर्करोग होऊन गेल्यावरही त्याचे जगणे विषाणूच्या या दोन प्रथिनांवरच अवलंबून असते. रुग्णाच्या घशात हा प्रयोग करणे शक्य नाही.

तरीही माझ्या एका वाक्याला आपला आक्षेप नेमका लागू पडतो. "या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, म्हणून रुग्णांनाही सौम्य उपचार पुरतील," असे मी लिहिले होते. एचपीव्हीजन्य कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाऐवजी सौम्य समजले जाणारे सेटुक्सिमॅब हे औषध देऊन पाहणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ साली आले, आणि दोन्हींत सेटुक्सिमॅब घेतलेले रुग्ण कमी जगले. ते वाक्य मी आज काढून टाकले आहे.