हेपा म्हणजे पीठ चाळायची चाळणी नव्हे

दिवाळीपासून सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठेच कण अडवतो, त्यामुळे ०.१ मायक्रॉनचा विषाणू आरपार जातो. घरात एसी असेल तर हवा आपोआप शुद्ध होते. तरी शंका असेल तर दोन स्नेक प्लांट ठेवा, प्युरिफायरवर पैसे घालवू नका. मोठ्या इमारतींत हवा खेळवणाऱ्या यंत्रांची, म्हणजे एएचयूंची, देखभाल हे माझं रोजचं काम. हे वाचून दम्याचा पेशंट असलेल्या एखाद्या घरात प्युरिफायर बंद झाला तर त्रास त्या पेशंटला होणार, म्हणून लिहितोय.

पहिला दावा हेपाला चाळणी समजतो. चाळणीत भोकापेक्षा लहान ते खाली पडतं, हेपात तसं होत नाही. बारीक तंतूंचा कागद घड्या घालून बसवलेला असतो आणि तंतूंमधल्या फटी बऱ्याच कणांपेक्षा मोठ्याच असतात. मोठ्या कणाला हवेबरोबर वळता येत नाही, तो तंतूवर आपटून तिथेच बसतो. अगदी लहान कणाला हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. तो वेडावाकडा भरकटतो आणि कुठल्या ना कुठल्या तंतूला चिकटतो. दोन्हींतून निसटण्याची संधी सगळ्यात जास्त मिळते ती मधल्या, साधारण ०.३ मायक्रॉनच्या कणाला. म्हणून चाचणी त्याच आकारावर घेतात आणि तिथे किमान ९९.९७ टक्के कण अडावे लागतात. ०.३ हा सगळ्यात अवघड पेपर आहे, ०.१ चा कण त्यापेक्षा सहज सापडतो. शिवाय विषाणू सहसा सुटा उडत नाही, श्वासातल्या थेंबांतून येतो, आणि ते थेंब त्याच्याहून मोठे असतात.

एसीचं म्हणाल तर स्प्लिट एसीचं झाकण उघडा आणि आतली प्लास्टिकची जाळी नळाखाली धरा. करड्या लोकरीसारखा थर सुटेल: केस, कपड्यांचे धागे, जाड धूळ. धुराचे बारीक कण त्या जाळीतून बिनदिक्कत पार होतात. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा घेत नाही. दारं-खिडक्या बंद करून चार माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, आणि तो हेपालाही काढता येत नाही. त्याला ताजी हवाच लागते. एएचयूत ती ठरावीक प्रमाणात मिसळून, गाळून, मग गार करून सोडतात.

झाडांच्या दाव्यामागे नासाचा १९८९ चा प्रयोग आहे, पण तो बंदिस्त छोट्या पेट्यांत केला होता. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. इमारतीत एरवी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांना आढळलं. म्हणजे दहा चौरस मीटरच्या खोलीत कमीत कमी शंभर कुंड्या! झाडं हौसेने ठेवा, माझ्याही घरात आहेत.

मेसेजने विचारायला हवं होतं ते वेगळंच. प्युरिफायर घेताना त्याचा सीएडीआर, म्हणजे तासाला तो किती स्वच्छ हवा देतो, हे खोलीच्या मापाशी जुळतं का ते पाहा. फिल्टर चौकटीत घट्ट बसलाय का तेही बघा. मागे एका ऑफिसात महागडा फिल्टर बाहेर काढला तर तो जवळजवळ कोराच होता, फक्त एका कडेला काळी रेघ. कडेची फट बुजवणारं रबरी गॅस्केट दुमडलं होतं आणि हवा फिल्टर सोडून त्या फटीतून जात होती.