चार दिवसांचा रस्ता

उन्हाळ्यात चार दिवस सायकलवर फिरून यायचं, हे ठरायला आम्हाला दहा मिनिटंही लागली नाहीत. रजा मंजूर झाली. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या आल्या. मेहुण्याने उत्साहाच्या भरात महिनाभर आधीच चाकांत हवासुद्धा भरून ठेवली. घोडं पेंड खायला लागलं ते "कुठून जायचं?" या प्रश्नाशी.

माणसं तीन, अटी तीन. बायकोची अट सरळ होती. दिवसाला पन्नास किलोमीटर, वर एक मीटरही नाही, आणि संध्याकाळी पाचला अंघोळ करून पाय वर करून बसायला मिळालं पाहिजे. मेहुण्याची अट उलटी. "घाट नसेल तर सायकल न्यायची कशाला, दाजी? बस आहे की!" मी म्हणालो, "आपलं काही नाही बुवा. रस्ता निसर्गरम्य असला म्हणजे झालं." हे ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. माझी खरी अट एकच होती, चढ नको. पण मेहुण्यासमोर हे बोलायची सोय नव्हती. तेव्हा बिनचढाचा निसर्ग शोधण्याची जबाबदारी मी स्वतःहून अंगावर घेतली.

पहिल्या रात्री वाटलं, यात काय आहे! सुरुवातीचं गाव टिपलं, शेवटचं टिपलं, बटण दाबलं. नकाशाने तीन रस्ते दिले. सगळ्यात जवळचा होता तो ट्रकांचा. सगळ्यात लवकर पोचवणारा होता तोही ट्रकांचाच, फक्त मोठ्या ट्रकांचा. तिसऱ्यापुढे हिरव्या रंगात सायकलचं चित्र होतं. तो रस्ता चारशे मीटर हमरस्ता टाळण्यासाठी तीन वेळा उजवीकडे वळला, एका शेतात शिरला आणि पलीकडे एका जिन्यावरून उतरला. जिना हे मला चित्र मोठं करून पाहिल्यावर कळलं. आधी मी त्याला झेब्रा क्रॉसिंग समजत होतो.

यामागचं कारण मला नंतर समजलं. ओपनस्ट्रीटमॅपसारखा नकाशा २००४पासून तुमच्याआमच्यासारखी माणसंच भरत आली आहेत. कुणी लिहितं हा रस्ता डांबरी, कुणी लिहितं हा खडीचा. जिथे कुणीच काही लिहिलेलं नसतं, तिथे मार्ग काढणारं सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि सॉफ्टवेअर स्वभावाने फार आशावादी असतं. मग मी उपग्रहाचे फोटो पाहायला लागलो. वरून पाहिलं की डांबर, खडी आणि वाळलेला ओढा हे तिन्ही सारखेच करडे दिसतात. एका करड्या रेघेवर मी पाऊण तास घालवला. बायकोने मागून डोकावून सांगितलं, की ती भिंत आहे.

तरी हे सगळं सोसलं असतं. मला खरं रडवलं ते चढाने.

एकच रस्ता मी तीन ठिकाणी घालून पाहिला. एकाने एकूण चढ ४१० मीटर सांगितला, दुसऱ्याने ६४०, तिसऱ्याने ८७०. डोंगर तोच, रस्ता तोच, आणि उंचीत मात्र दुपटीहून जास्त फरक. भाजीवाल्याशीसुद्धा एवढी घासाघीस होत नाही. चौकशी केली तर गोष्ट थेट अंतराळापर्यंत गेली. फेब्रुवारी २०००मध्ये एका अंतराळयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारने बहुतेक जमिनीची उंची मोजली. कित्येक नकाशे आजही त्या मोजणीवर उभे आहेत. त्यात उंचीचे ठिपके साधारण तीस तीस मीटरवर असतात. झाडी असेल तर रडारला झाडांचे शेंडे दिसतात, रस्ता दिसत नाही. मग मधल्या जागा कोण कशा जोडतो आणि बारीकसारीक खाचखळगे किती गुळगुळीत करून घेतो, त्यावर तुमचा चढ ठरतो. म्हणजे डोंगर चढायचा आपण, आणि त्याची उंची ठरवायची खोलीत बसलेल्या कुणीतरी.

बोगद्याचं तर विचारूच नका. एका मार्गावर मला सलग नऊ किलोमीटरचा असा चढ दिसला, की माझं अंग तिथल्या तिथे दुखायला लागलं. तो डोंगर टाळण्यात मी दोन रात्री घालवल्या. तिसऱ्या रात्री लक्षात आलं, की रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. उंचीच्या आकड्यांना बोगदा ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्यांनी मला डोक्यावरून नेलं होतं. पुलांचंही तेच. आपण पुलावरून निवांत जात असतो आणि आलेख आपल्याला दरीत उतरवून परत वर चढवतो. मला हायसं वाटलं. मग आठवलं, की बोगद्यात अंधार असतो, ट्रक असतात आणि सायकलला मनाई असण्याची दाट शक्यता असते. तो डोंगर मी नव्या कारणासाठी पुन्हा टाळला.

त्याच सुमारास चढउताराचा आलेख पडद्यावर ठेवून मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तर बायको समोर उभी. चेहरा उतरलेला. "हा कुणाचा ईसीजी?"

खरंतर त्या आलेखात एवढं घाबरण्यासारखं काही नसतं. साठ किलोमीटरची लांबी वीतभर जागेत कोंबलेली असते आणि तीनशे मीटरची उंची त्याच पडद्यावर चार बोटं ताणलेली असते, त्यामुळे साधी टेकडीही करवतीच्या दातासारखी दिसते. हे मी तिला समजावलं. तिला समजलं. मला मात्र दर रात्री करवतच दिसत राहिली.

शेवटी कागद घेऊन हिशेबाला बसलो. मी, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो. यात माझा वाटा किती, ते इथे सांगण्याचं कारण नाही. शंभर किलो हजार मीटर उचलायचे आणि माझे पाय बरे दिवस असतील तर शंभर वॅट देतात, म्हणजे नुसत्या उचलण्याला पावणेतीन तास. वारा आणि टायरांचं घर्षण वेगळं. आता हाच चढ दहा टक्क्यांचा असेल, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर दहा मीटर वर, तर माझा वेग येतो ताशी पावणेचार किलोमीटरच्याही आत. माणूस रमतगमत चालला तरी त्याहून लवकर पोचतो. एवढ्या कमी वेगात तोल सांभाळण्यातच अर्धा जीव जातो. म्हणजे घाटात मी सायकलवरून जाणार नव्हतो, सायकल माझ्याबरोबर येणार होती.

यावर मेहुण्याचं म्हणणं, "सरासरी बघा की दाजी! सरासरी दोनच टक्के आहे." सरासरी हा शब्द ज्याने चढाला लावला, त्याने कधी पिशव्या लावून सायकल चालवली नसावी. दहा किलोमीटरमध्ये आठ किलोमीटर सपाट आणि उरलेल्या दोनमध्ये दोनशे मीटर चढ, याचीही सरासरी दोनच टक्के येते. बुडणाऱ्याला तळ्याची सरासरी खोली सांगून काय उपयोग?

मग मला नदी सुचली. पाणी उताराकडे वाहतं, आपण पाण्याबरोबर जायचं! युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना हा सायकलवाल्यांचा लाडका मार्ग आहे, आणि बहुतेक मंडळी तो प्रवाहाच्या दिशेनेच जातात. मी मोठ्या आशेने त्याचा उतार काढला. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरात सगळा मिळून उतार दीडशे मीटरच्या घरात. किलोमीटरला जेमतेम अर्धा मीटर! एवढ्या उतारावर लिंबूसुद्धा घरंगळायचं नाही. तिथल्या लोकांना खरी मदत होते ती पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्याची. शिवाय तिथे काठाला धरून सायकलसाठी वेगळी वाट आहे. आमच्या नदीकाठच्या रस्त्याला तशी काही सवय नव्हती. नदी दरीच्या तळाने गुमान जाते. रस्ता मात्र दर दोन किलोमीटरला आडव्या येणाऱ्या डोंगराच्या सोंडेवर चढतो, पलीकडच्या ओढ्यात उतरतो, की पुन्हा चढतो. नदी एकदाच उतरते, आणि रस्ता तिच्या शेजारी राहून दिवसभर उठाबशा काढतो.

नदी बाद झाली. मग समुद्रकिनारा. किनारा तरी सपाट असेलच की! सपाट होता, पण वारा होता. उन्हाळ्यात दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, वरची हवा उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत येतो. नेमका दुपारी, आपण थकतो तेव्हा. वाऱ्याचा हिशेब चढापेक्षा वाईट. ताशी वीसने जाताना समोरून वीसचा वारा आला की हवेचा विरोध चौपट होतो. चढाला निदान माथा असतो, तिथे उभं राहून फोटो काढता येतो. वाऱ्याला माथा नाही. नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत म्हणून मला तिथल्या लोकांचा हेवा वाटायचा. मग कळलं, की २०१३पासून तिथे उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धा होते. समुद्रातल्या बांधावर साडेआठ किलोमीटर, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर आणि मुद्दाम वादळी दिवस निवडून. भोग टळत नाही म्हटल्यावर माणसं त्याचा खेळ करतात.

सावलीचाही विचार करून झाला. झाडं रस्त्याच्या पूर्वेला असली तर सकाळी सावली, पश्चिमेला असली तर दुपारी. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

तोवर नकाशावर 'हे तर पाहिलंच पाहिजे' अशी नऊ ठिकाणं जमली होती. घर धरून दहा. घरून निघून सगळी पाहून घरी परत यायचं, तर ती किती वेगवेगळ्या क्रमांनी पाहता येतात? उलट दिशेचा फेरा वेगळा मोजला नाही तरी १,८१,४४०. दर मिनिटाला एक मार्ग तपासला, मध्ये झोपलो नाही, तर बरोबर १२६ दिवस. रजा चार दिवसांची.

त्या रात्री मला थॉमस स्टीव्हन्सचा फार हेवा वाटला. हा गृहस्थ १८८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून पुढचं चाक भलंमोठं असलेल्या सायकलवर निघाला आणि १८८६च्या शेवटी योकोहामाला पोचून त्याने जगाची फेरी पुरी केली. सामान काय, तर मोजे, एक जादा सदरा, तंबूचंही काम देणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. अमेरिकेचा पश्चिम भाग ओलांडताना बराच काळ त्याला धड रस्ताच नव्हता, सायकल ढकलत चालावं लागलं. लोक म्हणतात, केवढे हाल! मी म्हणतो, केवढं सुख! त्याला कुणी तीन पर्याय दिले नाहीत.

निघायला चार दिवस उरले आणि माझ्याकडे सदतीस मार्ग जमले. त्या संध्याकाळी बायकोने कपाटातून जुना कागदी नकाशा काढला, जमिनीवर पसरला आणि शिवणाच्या डब्यातून तांबडा दोरा घेतला. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, घरावर टेकवलं आणि बोटाने रस्त्याच्या वळणावळणातून तो बसवत गेली. घडीवर नकाशा फाटला होता, तिथे अंगठा दाबून दोरा पलीकडे नेला. तोंडाने काही नाही. एक मोठं गोल वळण घेऊन दोरा परत घरी आला. मग तो उचलून तिने नकाशाच्या मोजपट्टीवर ताणला.

"एकशे ऐंशी. चार दिवसांत रोजचे पंचेचाळीस. झालं."

मी वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी घाट होता.

"तो याच्यासाठी," तिने भावाकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आणि तू ढकलत आण. मीही ढकलणारच आहे. गेला महिनाभर निसर्गरम्य, निसर्गरम्य चाललंय, मला काय कळत नाही?"

मेहुणा हसला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकार. तो नकाशाकडेच बघत होता.

"ताई, रस्ता ठरला. पण हा गोल आहे. कुठल्या बाजूनं जायचं?"

कुणी काही बोलेना. डावीकडून गेलं तर घाट लांब आणि सौम्य, पण वारा दोन दिवस समोरून. उजवीकडून गेलं तर वारा पाठीशी, पण घाट अंगावर येणारा, आणि रोज सकाळी सूर्य थेट डोळ्यांत. माझा हात नकळत लॅपटॉपकडे गेला.

"हात लावू नकोस," बायको म्हणाली आणि पाकिटातून एक नाणं काढलं. "छापा आला तर डावीकडून."

नाणं उडालं, फरशीवर पडलं, कडेवर उभं राहिलं आणि घरंगळत निघालं. नकाशा ओलांडून, खुर्चीच्या पायांमधून, कसलीही घाई न करता, थेट कपाटाखाली. आम्ही तिघंही गुडघ्यावर बसलो. मेहुण्याने मोबाईलचा टॉर्च लावला आणि गाल फरशीला टेकवून आत पाहिलं. या घरात आम्हाला इतकी वर्षं झाली, पण जमिनीला तिकडे उतार आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

"दिसतंय का?" बायकोने विचारलं. "छापा की काटा?"

"दिसत नाही," तो आतूनच म्हणाला. "पण दाजी, हा दोन टक्के तरी असेल हो."