सहा टोकांची चांदणी

आमच्या घरामागे अर्धा एकर गवत आहे, असं सांगलीकडच्या कुणालाही फोनवर सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हशी किती?"

म्हशी नाहीत. ओहायोत, कोलंबसच्या बाहेर जिथे आम्ही राहतो तिथे म्हशी पाळायची परवानगी नाही आणि गवत वाढू द्यायचीही नाही. तेव्हा एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी वीस गुंठे हिरवी वैरण कापायची आणि तिथल्या तिथे टाकून द्यायची, एवढ्यासाठी मी एक ट्रॅक्टर बाळगून आहे. ट्रॅक्टर म्हणजे राइडिंग मॉवर. स्टीअरिंग आहे, सीट आहे, चहाचा कप ठेवायला खळगा आहे. पोटाखाली उपड्या परातीसारखा बेचाळीस इंची डेक आणि त्यात गरगर फिरणारी दोन पाती. घर विकताना आधीचा मालक "तो घरासोबत ठेवून जातो" असं म्हणाला, तेव्हा मला त्याच्या मनाचा मोठेपणा वाटला होता.

मे महिन्यात गवताचे शेंडे पांढरे-तपकिरी पडायला लागले. मला वाटलं रोग आहे. खत आणलं, औषध आणलं, पहाटे उठून पाणी घातलं. शेवटी शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून आले. चाळीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेला माणूस. गुडघ्यावर बसले, गवताचं एक पान तोडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर धरलं. कडुनिंबाची काडी चघळून दातवण करतात ना, तसं त्याचं टोक पिंजारलेलं होतं. "तुझं मशीन कापत नाही," आजोबा म्हणाले, "चावतं."

पाती बोथट झाली होती. आजोबांच्या मते वीस-पंचवीस तास चालवलं की धार लावायची असते. मी तीन वर्षांत एकदाही लावली नव्हती. आता धार लावण्यापलीकडे गेली होती, टोकांकडे पत्र्यासारखी पातळ झाली होती, म्हणजे नवीनच घालायला हवी होती. यात काय अवघड? आमचं गाव किर्लोस्करवाडीपासून हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार होईनात, ही गोष्ट आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ असते. पुढे त्याच नांगराचा फाळ झिजला की आप्पा बाजारच्या दिवशी दुकानात जाऊन "फाळ द्या" म्हणायचे आणि दुकानदार फाळ द्यायचा. मी तर मेकॅनिकल इंजिनीअर. (नोकरी सॉफ्टवेअरची. पण डिग्री भिंतीवर आहे.)

डेकची रुंदी मोजली आणि ऑनलाइन "बेचाळीस इंची मॉवरची पाती, बहुतेक सर्व मशीनना चालतील" अशी जोडी मागवली. ‘बहुतेक’ या शब्दाला मी फसावं हे खरं तर लाजिरवाणं आहे. ‘बहुतेक येतो’ म्हणणारे पाहुणे आणि ‘बहुतेक उद्या देतो’ म्हणणारे शिंपी पाहतच मी लहानाचा मोठा झालो आहे.

शनिवारी सकाळी स्पार्क प्लगची वायर काढली, पुढची चाकं रॅम्पवर चढवली आणि पाठीवर झोपून आत शिरलो. मध्ये वाळलेल्या गवताचा शेणासारखा थर. तो खरवडल्यावर नट दिसला. लग्नात मिळालेल्या पान्यांच्या सेटमधला चोवीस मिलिमीटरचा सॉकेट लावला. इथला नट पंधरा-सोळांश इंची, म्हणजे २३.८ मिलिमीटर. त्यामुळे तो बसला, पण भाड्याच्या शेरवानीसारखा बसला.

आता फिरवायचा कुठल्या बाजूला? एका व्हिडिओत सांगितलं होतं की काही मॉवरना उलटे आटे असतात. त्या ‘काही’त आपलं मशीन असणारच, हे मी आयुष्याच्या अनुभवावरून गृहीत धरलं. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला आणि जोर लावला. नट हलेना. गंजावर तेल मारून अर्धा तास थांबलो. पान्याला लोखंडी नळी लावून दांडा लांब केला. आर्किमिडीजला म्हणे पृथ्वी हलवायला एक लांब दांडा पुरला असता. मला एक नट हलवायचा होता. तोंडात माती, कानात गवत, आणि मग ‘कर्र’ असा आवाज होऊन नट चांगला अर्धा आटा फिरला. मी विजयाने ओरडलो. बाहेरून आजोबांचा आवाज आला, "छान घट्ट केलास. आता उलट फिरव."

त्यांच्याकडे पंधरा-सोळांशचा खरा सॉकेट होता आणि हाताएवढा लांब पाना होता. त्यांनी मला बाहेर काढलं, मग डेकच मशीनपासून सोडवायला लावला. पट्टा उतरवला, चार पिना काढल्या, आणि डेक बाजूला ओढून गॅरेजच्या फरशीवर उताणा टाकला, कासव टाकल्यासारखा. वरून पाना लावला आणि मी दोन तास ज्याच्याशी झुंजलो तो नट दोन मिनिटांत सुटला.

नट निघाला, पातं उचललं, आणि तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. पात्याच्या मधलं भोक गोल नव्हतं. चांदणीच्या आकाराचं होतं. खालून स्पिंडलचं, म्हणजे पातं फिरवणाऱ्या दांड्याचं, टोकही तशाच चांदणीच्या आकाराचं वर आलं होतं. मी खोक्यातलं नवं पातं काढलं. त्यालाही चांदणीच होती. क्षणभर हायसं वाटलं. मग मोजली.

त्या चांदणीला पाच टोकं होती. स्पिंडलला सहा.

जगात एवढी भांडणं चालू असताना कुणीतरी बसून ठरवलं आहे की आपल्या पात्याला पाच टोकं द्यायची, त्यांनी पाच दिली म्हणून दुसऱ्याने सहा दिली, आणि सात टोकांचीही चांदणी आहे. एकाचं तर भोक बो-टायसारखं आहे. कारण विचारलं तर सांगतात, चांदणीमुळे पातं स्पिंडलवर घसरत नाही, ताकद पुरती पोचते. खरं असेल. पण पाच टोकांनी पोचणारी ताकद सहा टोकांच्या वाटेत कुठे अडते, हे चार वर्षांच्या डिग्रीत मला कुणी शिकवलं नाही. कोलोरॅडोने २०२३ साली शेतकऱ्यांना आपली यंत्रं आपण दुरुस्त करता यावीत म्हणून कायदा केला. तो सगळा वाद यंत्रातल्या सॉफ्टवेअरवरून आणि कुलूपबंद संगणकांवरून पेटला होता. माझ्या ट्रॅक्टरवर संगणक नाही. त्याने एका भोकात ते काम भागवलं आहे.

रात्री आप्पांचा फोन आला.

"झालं का पातं बसवून?"

"नाही आप्पा. भोक वेगळं निघालं. त्याला पाचच टोकं आहेत."

"भोकाला टोकं?" आप्पा बराच वेळ गप्प. "आरं भोक म्हंजे नसल्याली जागा. नसल्याल्या जागंला टोकं कशी काढत्यात?"

"काढतात इकडे."

"मग लोहाराकडनं वाढवून घे की. गोल करून टाक. वायसर घाल."

हा विचार माझ्या मनात येऊन गेला नव्हता असं नाही. कानस हातात घेतलीही होती. पण मॉवरच्या पात्याचं टोक किती वेगाने फिरतं हे मी वाचून बसलो होतो. अमेरिकन मानकात त्याची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट आहे, म्हणजे ताशी जवळपास साडेतीनशे किलोमीटर. गॅरेजमध्ये कानशीने पोखरलेल्या भोकाच्या भरवशावर एकवीस इंची लोखंडी पट्टी त्या वेगाने फिरवायची आणि वर आपण बसायचं, हे काही बरं नव्हे. आप्पांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "साडेतीनशे? गवत कापाय?" आणि फोन आईकडे दिला.

पाच टोकांची जोडी परत घेतली नाही. खोकं फाडलेलं होतं. ती अजून गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि येणारे-जाणारे ती दागिना पाहावा तशी पाहतात.

आता योग्य पातं शोधायचं तर मशीनचा मॉडेल नंबर हवा. तो सीटच्या खाली स्टिकरवर असतो. सीट उचलली. तीन उन्हाळे माझ्याखाली आणि त्याआधी किती उन्हाळे आधीच्या मालकाखाली दबलेल्या त्या स्टिकरवर ओ आणि शून्य, आठ आणि बी, एक आणि आय यांच्यातले भेद मिटून अद्वैत झालं होतं. मोबाइलचा टॉर्च, भिंग आणि मुलीचे तरुण डोळे लावून आम्ही नंबराच्या चार आवृत्त्या काढल्या. ग्राहक सेवेतल्या बाईंनी त्यातल्या तीन ‘अस्तित्वात नाहीत’ म्हणून फेटाळल्या आणि चौथीवर विचारलं, "सर, मल्चिंगवालं, म्हणजे गवत बारीक करून तिथेच टाकणारं, पातं हवंय की पिशवीत गवत उडवणारं?" मला फक्त सहा टोकं हवी होती. मी त्यांना चांदणीचा फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, "सुंदर आहे."

अस्सल पात्यांची किंमत पाच टोकांच्या जोडीच्या दुप्पट. शिवाय आठवडाभर वाट. तोवर जुनीच पाती पुन्हा चढवून शनिवारी गवताला चावे घेतले. बायकोने हिशेब करून दाखवला की त्या पैशांत गवत कापणारा माणूस चार वेळा येऊन गेला असता. "आणि तो आंघोळ करून आला असता," असंही म्हणाली.

गवत कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने काढलं, कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव साफ कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ते सुचलं. स्क्रू फिरवून लहानमोठा करता येणारा पानाही त्याच माणसाच्या नावावर सांगतात. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. गवत कापायच्या यंत्रामागोमाग माणसाला काय लागणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

पुढच्या शनिवारी पाती आली. सहा टोकं. मी दोनदा मोजली, मुलीकडून एकदा मोजून घेतली. डेक पुन्हा उताणा टाकला. पात्यावर इंग्रजीत ‘बॉटम’ असं ठसठशीत कोरलेलं होतं. बॉटम म्हणजे खालची बाजू, एवढं इंग्रजी मला येतं. ती बाजू फरशीकडे करून पातं चांदणीवर ठेवलं आणि ते ‘खट्’ करून असं बसलं की अंगावर काटा आला. आजोबांचा टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा पाना, आणून नट ऐंशी फूट-पौंडांना आवळला. डेक सुलटा करून जोडला, पट्टा चढवला, वायर लावली, खळग्यात चहा ठेवला आणि निघालो.

मागे वळून पाहिलं नाही. समोर बघत, सरळ पट्टे मारत अर्धा एकर फिरलो. आवाज थोडा वेगळा होता, पण नव्या पात्यांचा तसा असेल म्हणालो. घराकडे आलो तर बायको खिडकीत उभी.

"कापलंस," तिने विचारलं, "की भांग पाडलास?"

वीस गुंठे गवत एका दिशेला छान चापून बसवलेलं होतं. एकही पान तुटलेलं नव्हतं. मी पाहत असतानाच त्यातली काही हळूहळू उठून उभी राहायला लागली.

आजोबा आले. वाकून डेकखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "बॉटम," ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे गवताची बाजू. डेक उलटा होता ना रे बाळा."

म्हणजे उताण्या कासवाची खालची बाजू वर असते. धार उलटी, वारा ओढणारे पंख खाली. आणि सहा टोकांची ती चांदणी, जी पाच टोकांच्या पात्याला दारातही उभं करत नव्हती, तिने माझं पातं उलटं बसवून घेताना हूं की चूं केलं नाही. चांदणी काय, दोन्ही बाजूंनी सारखीच.

मी खाली बसून स्पार्क प्लगची वायर काढायला लागलो. आजोबा सॉकेट आणायला गेले. तो त्यांनी अजून पेटीत ठेवलाच नव्हता.